मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळाल तर बंदी: महासंघाला हा अधिकार कुठवर आहे?

कलम_चार

‘आमची मान्यता नसलेल्या स्पर्धेत भाग घेतल्यास कारवाई होईल.’ जिल्हा संघटनेपासून राष्ट्रीय महासंघापर्यंत सगळ्यांच्या पत्रकांत हे वाक्य सापडतं. खेळाडू घाबरतात, पालक त्याहून जास्त घाबरतात, आणि स्पर्धा भरवणाऱ्याचे प्रायोजक मागे सरतात. यावर दोन मतं कायम ऐकू येतात. एक, खेळ महासंघाचा, तो म्हणेल तसं. दुसरं, मक्तेदारी बेकायदा, म्हणून बंदीही बेकायदा. दोन्ही चूक आहेत, म्हणून हा धागा.

स्पर्धा कायदा २००२ चा. त्याचं कलम ४ लागू झालं २० मे २००९ पासून. या कलमाखाली वर्चस्व असणं हा दोष नाही, वर्चस्वाचा गैरवापर हा दोष आहे. एका खेळाला एका देशात एकच महासंघ ही रचना आंतरराष्ट्रीय महासंघांच्या नियमांतूनच येते. त्यामुळे बहुतेक महासंघ आपापल्या बाजारपेठेत वर्चस्व राखूनच असतात. खरा वाद त्यानंतर सुरू होतो.

‘आम्ही नोंदणीकृत सोसायटी आहोत, नफा कमावत नाही, आम्हाला हा कायदा लागत नाही’ हा बचाव जवळजवळ प्रत्येक प्रकरणात घेतला गेला आणि टिकला नाही. कलम २(एच) मधली ‘एंटरप्राइझ’ची व्याख्या तुमची नोंदणी कुठल्या कायद्याखाली झाली ते विचारत नाही, तुम्ही करता काय ते विचारते. प्रक्षेपण हक्क विकले, प्रायोजक घेतले, तिकिटं लावली, की तेवढ्या कामापुरते तुम्ही व्यापारी संस्था झालात. बीसीसीआयची नोंदणी तमिळनाडूच्या सोसायटी कायद्याखाली आहे, तरी स्पर्धा कायदा राबवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाने तिला एंटरप्राइझच मानलं.

अडचण दुहेरी भूमिकेची आहे. महासंघ नियम करतो, परवानगी देतो, शिक्षाही करतो, आणि त्याच मैदानात स्वतःची लीग विकतो. परवानगी मागणारा हा त्याचा स्पर्धक असतो. माझं म्हणणं थोडक्यात असं की परवानगीची पद्धत ठेवायला कायद्याची ना नाही. निकष लिहिलेले नसणं, निर्णयाला मुदत नसणं आणि शिक्षा बेसुमार असणं, इथे महासंघ अडकतो. जाणकारांनी प्रकरणानिशी लिहावं.

चौथा_पंच

सुरुवात बीसीसीआयच्या प्रकरणापासून करतो, कारण तपशील वाचल्याशिवाय ‘आयोगाने ५२ कोटींचा दंड ठोकला’ एवढंच लोकांच्या लक्षात राहतं.

प्रकरण २०१० चं, क्रमांक ६१. तक्रार एका क्रिकेटप्रेमीची होती आणि तिच्यात आयपीएलच्या फ्रँचायझी, प्रायोजकत्व, प्रक्षेपण हक्क अशा सगळ्यांच्या वाटपाबद्दल आक्षेप होते. आयोग बाकीच्यांत गुंतला नाही. त्याने प्रक्षेपण हक्कांच्या करारातलं एक कलम पकडलं, ९.१(सी)(आय). त्यात बीसीसीआयने प्रक्षेपकाला हमी दिली होती की हक्कांच्या पूर्ण काळात आयपीएलशी स्पर्धा करेल अशी दुसरी कुठलीही व्यावसायिक देशांतर्गत टी-२० स्पर्धा आम्ही भरवणार नाही, मान्य करणार नाही, तिला पाठिंबाही देणार नाही. हक्कांचा काळ होता दहा वर्षांचा.

म्हणजे पुढच्या दहा वर्षांत कोण अर्ज करेल, त्याची स्पर्धा कशी असेल, हे कळायच्या आधीच नकार लिहून दिलेला होता, तोही पैसे देणाऱ्या प्रक्षेपकाला. आयोगाने ८ फेब्रुवारी २०१३ ला ५२.२४ कोटींचा दंड केला. कलम होतं ४(२)(सी), म्हणजे बाजारात शिरायची वाट अडवणं.

पुढे २३ फेब्रुवारी २०१५ ला अपील न्यायाधिकरणाने हा आदेश रद्द केला. बीसीसीआय निर्दोष ठरली म्हणून नव्हे. आयोगाने इंटरनेटवरून काढलेली माहिती बाजारपेठ ठरवताना वापरली होती आणि ती बीसीसीआयला दाखवून उत्तराची संधी दिली नव्हती. नैसर्गिक न्यायाचा भंग. प्रकरण परत आयोगाकडे आलं, आयोगासाठी तपास करणाऱ्या महासंचालकांचा पूरक तपास झाला, आणि २९ नोव्हेंबर २०१७ ला तोच निष्कर्ष आणि तेवढाच दंड पुन्हा आला. या वेळी बाजारपेठ धरली ‘भारतातल्या व्यावसायिक देशांतर्गत क्रिकेट लीग व स्पर्धांचं आयोजन’, आणि दंड संबंधित उलाढालीच्या तीन वर्षांच्या सरासरीच्या ४.४८ टक्के बसला.

२०१७ च्या आदेशात दंडापेक्षा महत्त्वाचं आहे ते निर्देशांचं पान. सभासद नसलेल्यांच्या लीगवर सरसकट बंदी घालू नका. परवानगीच्या अटी घालायला हरकत नाही, पण कुठल्या निकषांवर अर्ज करता येईल आणि विचारात घेतला जाईल ते जाहीर करा. खेळाच्या हितासाठी घातलेलं बंधन एक आणि प्रक्षेपण हक्कांसाठी बोली लावणाऱ्याच्या धंद्यासाठी घातलेलं बंधन दुसरं, ही रेषा तिथे आखली गेली.

डी४_डी५

क्रिकेटपेक्षा बुद्धिबळाचं प्रकरण जास्त शिकवतं, कारण तिथे फटका थेट खेळाडूंना बसला होता.

अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ खेळाडूंकडून लिहून घेत असे की आम्ही मान्यता नसलेल्या स्पर्धांत खेळलेलो नाही आणि खेळणार नाही. मोडलं तर महासंघाच्या स्पर्धांना बंदी आणि एलो मानांकनाच्या यादीतून नाव गायब. बुद्धिबळ न खेळणाऱ्यांसाठी सांगतो: मानांकन गेलं की खेळाडू नुसता मागे पडत नाही, दिसेनासाच होतो. स्पर्धेतला गट, मानधन, परदेशातलं आमंत्रण, किताबासाठी लागणारे नॉर्म, सगळं त्या एका आकड्यावर चालतं. दुसरी स्पर्धा भरवणाऱ्याने कितीही मोठं बक्षीस लावलं तरी मानांकन पणाला लावून कोण येणार?

आयोगाने १२ जुलै २०१८ च्या आदेशात दोन बाजारपेठा धरल्या. एक बुद्धिबळ स्पर्धांच्या आयोजनाची, दुसरी खेळाडूंच्या सेवांची. दुसरी महत्त्वाची आहे. तिथे महासंघ विकणारा नसून खेळाडूंचं कौशल्य ‘घेणारा’ आहे, आणि एकटाच घेणारा असल्यामुळे अटी तोच ठरवतो. कलम ४ बरोबर स्पर्धेला मारक करारांबद्दलचं कलम ३(४) सुद्धा लागलं, कारण खेळाडूकडून घेतलेलं हमीपत्र हाही एक करारच. दंड ६.९२ लाख. रक्कम लहान दिसते, पण दंड उलाढालीवर बसतो आणि बुद्धिबळ महासंघाची उलाढाल बीसीसीआयच्या जवळपासही नव्हती.

लाँग_कॉर्नर

तीच मागणी हॉकीत टिकली नाही, हेही वाचायला हवं. नाहीतर या धाग्यावरून कुणाचा समज व्हायचा की तक्रार केली की जिंकलोच.

२०१२ मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकी झाली. हॉकी इंडियाची तिला मान्यता नव्हती. धनराज पिल्ले आणि इतर खेळाडूंनी आयोगाकडे तक्रार केली होती (प्रकरण ७३, सन २०११), तिचा निकाल ३१ मे २०१३ ला लागला. हॉकी इंडियाचं वर्चस्व आयोगाने मान्य केलं, पण गैरवापर मानला नाही. मान्य आणि अमान्य स्पर्धांचा फरक करणारा आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाचा नियम खेळाच्या रचनेतूनच येतो आणि तो प्रमाणाबाहेर वापरल्याचं पुराव्यानिशी दिसत नाही, असा सूर होता. सोबत एक सूचना केली: नियमन आणि व्यावसायिक आयोजन या दोन भूमिका एकमेकींत मिसळू नयेत म्हणून अंतर्गत व्यवस्था उभी करा.

क्रिकेटमध्ये सरसकट बंदी करारात लिहिलेलीच सापडली. बुद्धिबळात हमीपत्रं आणि यादीतून गेलेली नावं हाती होती. हॉकीत नियम होता, पण त्याने नेमकं काय आणि किती अडलं हे ठामपणे मांडता आलं नाही. शिवाय लीगचा पहिला हंगाम पार पडला होता. ‘आम्हाला अडवलं’ म्हणणाऱ्याची स्पर्धा झालेली असेल तर सगळा भार पुढच्या परिणामांवर पडतो.

मैदानाची_बाजू

संघटनेच्या बाजूनेही कुणीतरी लिहायला हवं. खासगी स्पर्धा म्हणजे खेळाडूचं भलं, हे इथे गृहीत धरलं जातंय. उत्तेजक चाचणी कोण करणार? सामन्यात दुखापत झाली तर विमा कुणाचा? निकालनिश्चिती पकडायची यंत्रणा लीगवाल्याकडे असते का? बक्षिसाची रक्कम जाहीर करून न देणारे आयोजक प्रत्येक खेळात होऊन गेलेत. आणि वेळापत्रक? राज्य अजिंक्यपद आणि खासगी लीग एकाच आठवड्यात आली तर चांगले खेळाडू पैशाच्या मागे जाणार आणि निवड समितीसमोर दुय्यम संघ उभे राहणार. वरच्या फळीच्या पैशातूनच १४ वर्षांखालच्यांच्या स्पर्धा चालतात. तो पैसा बाहेर वळला तर त्या कोण भरवणार?

कलम_चार

मैदानाची_बाजू, तुमचे मुद्दे खरे आहेत आणि कायद्यालाही मान्य आहेत. फक्त ते आधी लिहून ठेवलेले हवेत, अर्ज आल्यावर सुचलेले नकोत. कायदेशीर कसोटीवर उभी राहील अशी परवानगीची नियमावली माझ्या मते अशी असावी:

निकष छापील आणि संकेतस्थळावर. प्रत्येक निकषाचा संबंध खेळाशी: पात्र पंच, वैद्यकीय सोय, विमा, उत्तेजक चाचणीचा करार, बक्षिसाची रक्कम बँक हमीत किंवा वेगळ्या खात्यात. आर्थिक क्षमता बघायची तर कागद कुठले ते सांगा, ‘समितीचं समाधान झालं पाहिजे’ एवढं पुरत नाही. वेळापत्रकासाठी बंद ठेवायचे आठवडे वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर करा. आयत्या वेळी आपली स्पर्धा त्याच तारखांना घुसवणं हा गैरवापराचाच पुरावा ठरू शकतो.

परवानगीचं शुल्क खर्चाशी मिळतंजुळतं. निर्णयाची मुदत दिवसांत लिहिलेली. नकार लेखी आणि सकारण. अपील अशा माणसांपुढे, ज्यांचा महासंघाच्या लीगशी आर्थिक संबंध नाही. आणि ज्या निकषांवर दुसऱ्याला तोलता त्याच निकषांवर स्वतःची लीगही उतरली पाहिजे. हा शेवटचा मुद्दा बहुतेक नियमावल्यांत नसतो.

शिक्षेबद्दल वेगळं सांगतो. विमा नसलेली स्पर्धा भरवणारा दोषी असेल तर कारवाई आयोजकावर करा. तिथे खेळलेल्या सोळा वर्षांच्या मुलीला दोन वर्षं राज्य निवडीतून बाहेर काढण्यात सुरक्षिततेचा कुठला हेतू साधतो? शिक्षा हेतूशी जुळत नाही, तिथे हेतूबद्दलच शंका घेतली जाते.

तळागाळातल्या खर्चाबद्दल: खासगी लीगकडून ठरावीक, सर्वांना सारखं विकासशुल्क घ्या, हिशेब जाहीर करा. बंदीपेक्षा सौम्य उपायाने तेच साधत असेल तर बंदीचा बचाव कमजोर होतो.

मृण्मयी_दे

युरोपातली हीच रेषा बरीच जुनी आहे आणि आपल्या आयोगाचे आदेश वाचताना ती कामी येते.

ग्रीसमधलं मोटरसायकल शर्यतींचं मोटो प्रकरण, १ जुलै २००८. तिथल्या वाहतूक कायद्याने शर्यतींना संमती द्यायचा अधिकार एल्पा या संस्थेला दिला होता, आणि एल्पा स्वतःच शर्यती भरवून प्रायोजक घेत होती. युरोपीय संघाचं न्यायालय म्हणालं, असा अधिकार मर्यादा, बंधनं आणि फेरतपासणी यांच्याशिवाय देताच येत नाही. इथे नकाराचा गैरवापर झाला की नाही इथपर्यंत जायचीही गरज पडली नाही, रचनाच सदोष ठरली.

मग स्पीड स्केटिंग. डच खेळाडू मार्क टाउटर्ट आणि नील्स केर्स्टहोल्ट यांची आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियनविरुद्ध तक्रार. अमान्य स्पर्धेत उतरलं तर आजीवन बंदीपर्यंत शिक्षा होती. युरोपीय आयोगाने डिसेंबर २०१७ मध्ये नियम बेकायदा ठरवले आणि २१ डिसेंबर २०२३ ला युरोपीय संघाच्या न्यायालयात ते कायम झालं. त्याच दिवशी सुपर लीगचा, म्हणजे बड्या युरोपीय फुटबॉल क्लबांच्या प्रस्तावित वेगळ्या लीगचा, निकाल आला. त्यात फिफा आणि युएफाची पूर्वपरवानगीची पद्धत मुळात चुकीची म्हटलेली नाही. पारदर्शक, वस्तुनिष्ठ, भेदभाव न करणारे आणि प्रमाणबद्ध निकष नव्हते, म्हणून ती अडकली. सुपर लीगला मान्यता द्या असंही न्यायालयाने म्हटलं नाही. मे २०२४ मध्ये माद्रिदच्या न्यायालयानेही गैरवापर ठरवला, तरी त्या मूळ लीगला परवाना मिळाला असा त्याचा अर्थ होत नाही.

बेल्जियन फुटबॉलपटू बोसमानचा निकाल, १५ डिसेंबर १९९५, बरेच जण स्पर्धा कायद्याचा म्हणून सांगतात. तो कामगारांच्या मुक्त संचाराच्या तरतुदीवर दिलेला होता. स्पर्धेच्या प्रश्नात न्यायालय शिरलं नाही. खेळाडूंच्या क्लब बदलण्याच्या नियमांना दोन्ही तरतुदी एकत्र लावल्या गेल्या त्या ४ ऑक्टोबर २०२४ च्या फुटबॉलपटू लासाना दियाराच्या प्रकरणात. लोकोमोटिव्ह मॉस्कोने करार तोडल्यावर त्याच्या डोक्यावर १ कोटी ५ लाख युरोंची भरपाई होती. फिफाच्या नियमांनुसार नवा क्लबही त्या भरपाईला जबाबदार धरला जाऊ शकत होता, म्हणून त्याला घ्यायला कुणी धजेना.

चॉप_ब्लॉक

आपल्या जवळचं आणि लहान संघटनांनी वाचलंच पाहिजे असं प्रकरण टेबल टेनिसचं आहे. क्रमांक १९, सन २०२१. तक्रारदार मुंबईतली टीटी फ्रेंडली सुपरलीग असोसिएशन, समोर मुंबई उपनगर टेबल टेनिस संघटना, राज्य संघटना आणि राष्ट्रीय महासंघ.

उपनगर संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर सूचना फिरवली होती. खेळाडू, पालक, क्लब, प्रशिक्षक यांनी संलग्न नसलेल्या संस्थांच्या स्पर्धांशी संबंध ठेवू नये, असा तिचा आशय. लेटरहेडवरचं पत्र नाही, ठराव नाही, फक्त फोनवरचा मजकूर. तो पुरावा म्हणून पुरला. तपास सुरू झाल्यावर वरच्या संघटनांच्या घटनेतली आणि पोटनियमांतली तशीच कलमं पुढे आली, आणि जिल्हा पातळीवरच्या एका सूचनेतून प्रकरण राष्ट्रीय महासंघापर्यंत गेलं. डिसेंबर २०२४ च्या आदेशात आयोगाने अशी वागणूक थांबवायला सांगितलं, आर्थिक दंड केला नाही.

सचिवांनी यातून एवढं घ्यावं: ‘वरून आलेल्या नियमाप्रमाणे सूचना दिली’ हा बचाव होत नाही. आणि ‘कारवाई कुणावरच केली नाही’ हाही पुरेसा बचाव नाही. दहावीच्या वर्षातल्या मुलाचे आईवडील सूचना वाचूनच नाव मागे घेतात, कारवाईची वेळच येत नाही.

फाइल_नंबर

तक्रार करायची झाली तर काय लागतं ते लिहितो. कायद्यात तिला ‘माहिती’ म्हणतात, कलम १९(१)(ए).

आधी महासंघाकडे रीतसर अर्ज करा. इथेच बहुतेक प्रकरणं लंगडी पडतात. आयोजक म्हणतो परवानगी मिळणारच नव्हती म्हणून मागितली नाही, आणि महासंघ म्हणतो मागितली असती तर दिली असती. अर्जात तारखा, ठिकाण, संघसंख्या, पंच, विमा, बक्षीस, वैद्यकीय सोय सगळं भरा. ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्हीने पाठवा. पंधरा-वीस दिवसांनी स्मरणपत्र. उत्तर नाही आलं तर ते मौनही पुरावाच.

मग कागद जमवा. महासंघाची घटना आणि पोटनियम, संलग्नतेच्या अटी, खेळाडूच्या नोंदणी अर्जातलं हमीपत्र, धमकीचे संदेश. संदेशांचे नुसते स्क्रीनशॉट नकोत, ते पाठवणाऱ्याच्या क्रमांकासह आणि तारखेसह हवेत, मूळ फोन जपून ठेवा, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडा. माघार घेतलेल्या खेळाडूंची, क्लबांची, मैदानवाल्यांची पत्रं. प्रायोजकाने हात काढून घेतला असेल तर त्याने कारण लिहिलेला ईमेल सोन्याच्या मोलाचा आहे.

मसुद्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या मांडा: बाजारपेठ कुठली, तिच्यात समोरच्याचं वर्चस्व कशावरून, आणि गैरवापर कुठल्या उपकलमात बसतो. वाट अडवली तर ४(२)(सी). नियामक म्हणून असलेली ताकद स्वतःची लीग वाचवायला वापरली तर ४(२)(ई). आक्षेपार्ह प्रत्येक कलम क्रमांकासकट उतरवा. २०१५ मध्ये बीसीसीआयचा पहिला आदेश का पडला ते वर आलंच आहे. समोरच्याला ज्याचं उत्तर द्यायची संधीच मिळाली नाही त्यावर उभारलेला निकाल अपिलात टिकत नाही.

निवडणुकीतले घोटाळे, निवड समितीचा पक्षपात, हिशेबातली गडबड या कागदात घुसवू नका. ती खरी असतील, पण त्यांचं ठिकाण वेगळं आहे. आयोगाला बाजारावरचा परिणाम बघायचा असतो, आणि राग ओसंडून वाहणाऱ्या मसुद्यात मुख्य मुद्दा हरवतो.

तक्रारदार स्वतः पीडित असलाच पाहिजे असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने समीर अगरवाल प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये हे स्पष्ट केलं. खेळाडूला नाव गुप्त ठेवायचं असेल तर तशी विनंती करता येते.

प्रथमदर्शनी तथ्य वाटलं तर आयोग कलम २६(१) खाली महासंचालकांना तपास सांगतो, नाही वाटलं तर २६(२) खाली प्रकरण बंद. तपासाच्या आदेशाविरुद्ध अपील नाही, हे २०१० च्या सेल (स्टील अथॉरिटी) प्रकरणापासून ठरलेलं आहे. अहवालावर हरकती, सुनावणी, मग कलम २७ चा आदेश. दंडाची कमाल मर्यादा तीन वर्षांच्या सरासरी उलाढालीच्या १० टक्के. अपील एनसीएलएटीकडे (राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरण), ६० दिवसांत.

डावखुरा

इथे सगळे लीग भरवणाऱ्यांच्या बाजूने बघताहेत. खेळाडूच्या पगाराचं काय? आयपीएलच्या २०२५ च्या मोठ्या लिलावात दहाही संघांना १२० कोटींचीच थैली होती. दहा खरेदीदारांनी खर्चाची कमाल आधीच सारखी ठरवून घेतली तर इतर कुठल्याही धंद्यात त्याला संगनमत म्हणाल.

मृण्मयी_दे

बरोबर, आणि अमेरिकेत याच प्रश्नाभोवती शंभर वर्षांचे खटले आहेत. १९२२ मध्ये न्यायमूर्ती होम्स यांनी बेसबॉल हा आंतरराज्य व्यापारच नाही म्हणून त्याला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली. १९५७ मध्ये अमेरिकन फुटबॉलला तीच सूट नाकारली गेली, पण बेसबॉलची राहिली. बेसबॉलपटू कर्ट फ्लड तिच्याविरुद्धचा खटला १९७२ मध्ये हरला. १९९८ च्या त्याच्याच नावाच्या कायद्याने मुख्य लीगच्या खेळाडूंपुरती ती काढली.

तिथे पगारमर्यादा टिकते ती खेळाडूंची संघटना मालकांशी करार करते म्हणून. सामूहिक सौद्यातून आलेल्या अटींना कामगार कायद्याचं संरक्षण मिळतं. महाविद्यालयीन खेळाडूंच्या बाबतीत असा करार नव्हता, आणि २०२१ च्या ऑल्स्टन निकालात शैक्षणिक लाभांवरच्या मर्यादा एकमताने बेकायदा ठरल्या.

भारतात सध्या खेळणाऱ्या क्रिकेटपटूंची सौदा करणारी संघटनाच नाही. २०१९ ची खेळाडू संघटना निवृत्तांची आहे. म्हणजे थैलीची मर्यादा आहे, पण ती ज्यांच्यावर लागते त्यांची संमती कुठल्याच करारात नाही. लीगचा बचाव स्पर्धात्मक समतोलाचा असेल: संघ सारखे नसतील तर सामने बघणार कोण. त्यात तथ्य आहे. पण समतोल साधायला एकूण थैलीची मर्यादा पुरत असेल, तर पुरुष खेळाडूंना परदेशी लीगसाठी निवृत्तीपर्यंत ना हरकत न देण्याचं समर्थन कशाने करणार? दुसरा खरेदीदारच नसला की लिलावातली बोली कितीही मोठी दिसो, खेळाडूच्या हातात ‘नाही’ म्हणायची ताकद उरत नाही.

चौथा_पंच

प्रक्षेपणाचाही एक धागा यात हवा. हक्क एकत्र विकणं म्हणजे संघांनी आपापसात स्पर्धा न करणं. युरोपीय आयोगाने ते सरसकट मोडलं नाही, तुकडे करायला लावले. २००६ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल प्रीमियर लीगने हमी दिली की सहाच्या सहा पॅकेज एकाच खरेदीदाराला जाणार नाहीत. पुढच्या करारात चार स्काय वाहिनीकडे, दोन सेटांटा वाहिनीकडे गेली. प्रेक्षकाला मात्र सगळे सामने बघायला दोन वर्गण्या भराव्या लागल्या. स्पर्धा वाढली की घरातलं बिल कमी होतंच असं नाही, आणि एकमेव वस्तूच्या बाबतीत तर मुळीच नाही.

आपल्याकडे आयपीएलचे २०२३ ते २७ चे हक्क चार पॅकेजमध्ये ४८,३९० कोटींना गेले. टीव्ही २३,५७५ कोटींना स्टारकडे, भारतातलं डिजिटल २०,५०० कोटींना वायकॉम१८ कडे. लिलावात दोन वेगळे खरेदीदार होते. मग दोघांचं विलीनीकरण झालं, आयोगाने २८ ऑगस्ट २०२४ ला ते अटींसह मंजूर केलं, आणि दोन्ही हक्क एका छताखाली आले. क्रिकेटच्या टीव्ही आणि डिजिटल जाहिरातींच्या जागा एकत्र बांधून विकणार नाही अशी हमी घेतली गेली. ती सध्याच्या हक्कांपुरतीच आहे. पुढच्या लिलावाला कोण कोण उभं राहणार, हा प्रश्न माझ्या दृष्टीने खासगी लीगच्या बंदीइतकाच मोठा आहे.

मैदानाची_बाजू

एक व्यवहारातला प्रश्न. बुद्धिबळाला सात वर्षं लागली, क्रिकेटलाही तेवढीच. टेबल टेनिसला तीनेक. खेळाडूची ऐन उमेदीची वर्षं त्यात जातात. तोवर त्याने काय करायचं?

फाइल_नंबर

चार वाटा आहेत, चारही अपुऱ्या.

कलम ३३ खाली अंतरिम आदेश. आयोग तपास चालू असताना बंदीला स्थगिती देऊ शकतो, पण त्यासाठी तपास सुरू करायला लागतं त्यापेक्षा जास्त ठोस प्रकरण दिसावं लागतं आणि न भरून येणारं नुकसान दाखवावं लागतं. खेळाडूसाठी ते दाखवणं आयोजकापेक्षा सोपं आहे: वयोगट संपतो, मानांकनाची मुदत जाते, निवड चाचणीची तारीख परत येत नाही. तारखांसकट लिहा.

उच्च न्यायालयात रिट. २०१५ च्या बिहार क्रिकेट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बीसीसीआय राज्यघटनेच्या अनुच्छेद १२ खाली ‘राज्य’ नसली तरी सार्वजनिक कामं करते, म्हणून अनुच्छेद २२६ खाली तिच्याविरुद्ध जाता येतं. एका खेळाडूची बंदी उठवायची असेल तर ही वाट आयोगापेक्षा जवळची.

करार कायद्याचं कलम २७, व्यवसायाला अटकाव करणारा करार रद्दबातल. १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये केरी पॅकरच्या बंडखोर क्रिकेट मालिकेत खेळणाऱ्या टोनी ग्रेग आणि सहकाऱ्यांवरची बंदी याच तत्त्वावर बेकायदा ठरली होती, तेव्हा तिथे आजच्यासारखा स्पर्धा कायदाही नव्हता. बीसीसीआयची मान्यता नसलेल्या आयसीएलच्या (इंडियन क्रिकेट लीग) खेळाडूंवर २००७ मध्ये बंदी आली तेव्हा आपल्याकडेही कलम ४ लागू झालेलं नव्हतं.

चौथी नवी. मार्च २०२४ पासून स्पर्धा कायद्याच्या कलम ४८बी खाली महासंघ स्वतःहून वागणूक बदलायची हमी देऊ शकतो, महासंचालकांचा अहवाल यायच्या आधी. लहान संघटनांनी हे वापरावं. हमीपत्राचं कलम काढलं, निकष छापले, अपील समिती नेमली, तर सात वर्षांचा वकिलाचा खर्च वाचतो आणि खेळाडूही मोकळा होतो.

नुकसानभरपाई आयोग देत नाही. ती गैरवापर सिद्ध झाल्यावर कलम ५३एन खाली एनसीएलएटीकडे मागायची, आणि आकडा सिद्ध करावा लागतो. अमेरिकेत १९८६ मध्ये यूएसएफएल या नव्या अमेरिकन फुटबॉल लीगने प्रस्थापित एनएफएलविरुद्ध मक्तेदारीचा मुद्दा जिंकला आणि ज्यूरीने भरपाई दिली १ डॉलर, कायद्याने तिप्पट होऊन ३. म्हणून रद्द झालेलं बुकिंग, परत केलेलं प्रवेशशुल्क, गेलेला प्रायोजक, सगळ्यांच्या पावत्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा.

चॉप_ब्लॉक

मुदतीचं राहिलं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर कारण घडल्यापासून तीन वर्षांत माहिती दाखल करावी लागते. उशीर सबळ कारणाने माफ होऊ शकतो, त्यावर विसंबू नका. २०२२-२३ मधल्या सूचना आणि बंद्या घेऊन कुणी विचार करत बसलं असेल तर आधी तारीख तपासा, मसुदा नंतर.